गाडी लागते म्हणून धोतरा? कानामागची पट्टी, हायोसिन अन आपल्या धुऱ्यावरचं झाड

कपाशीवाला (धागाकर्ता)

राम राम मंडळी. श्रावणात नागद्वारले जायचं ठरून राहिलं, गावातून गाडी करून छिंदवाडा-तामियाकडून पचमढी. माय पण येतो म्हणते. तिले गाडी लय लागते, अमरावतीले जायचं म्हटलं तरी पन्नी सोबत घ्या लागते अन घाट सुरू झाला की मंग पार पिवळं पाणी पडेपर्यंत ओकते बिचारी. आता गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, की विदेशात धोतऱ्यापासून पट्टी बनवतात, कानामागं लावली की तीन दिवस उलटी नाई, अन आपल्याकडं तर धोतरा फुकट आहे म्हणून पान कानामागं बांधा अन बिया गुळात घालून खा. मायनं तो मेसेज वाचून घेतला कोणाकडून तरी अन आता ती धोतऱ्याच्या मागं लागली. मले एवढंच सांगा, पट्टीची गोष्ट खरी आहे का खोटी, अन खरी असन तर बिया कायले नाई चालत हे मायले पटन असं सांगा, कारण नुसतं नको म्हटलं तर ती ऐकत नाई.

धुऱ्यावरची_ताई

भाऊ आधी घरात धोतऱ्याच्या बिया आणून ठेवल्या असतीन तर त्या जाळून टाका, बाकी मंग. आमच्या गावात एका पोट्ट्यानं खेळता खेळता बोंड फोडून बिया खाल्ल्या होत्या. तासाभरात तोंड लालबुंद, अंग तापलेलं, डोळ्याच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळा काळाच दिसे, अन हवेत हात मारून काहीतरी पकडत होता, मायले ओळखत नव्हता. ग्रामीण रुग्णालयातून पुढं जिल्ह्याले न्यावं लागलं. वाचला. पण ती रात्र त्याच्या मायनं कशी काढली ते आम्ही पाह्यलं.

मोर्शीचा_फार्मसीवाला

कपाशीवाला भाऊ, पट्टीची गोष्ट खरी आहे अन म्हणूनच तो मेसेज धोक्याचा आहे. अर्धी गोष्ट खरी असली की लोक उरलेली अर्धी पण गिळतात. मी बी.फार्म आहे, तालुक्यात दुकान चालवतो, जरा सविस्तर लिहितो, मायला वाचून दाखवा.

धोतऱ्यात तीन द्रव्यं मुख्य असतात, हायोसायामिन, ॲट्रोपिन अन स्कोपोलामिन. यातल्या स्कोपोलामिनलाच हायोसिन म्हणतात. १८८० च्या सुमारास लाडेनबर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ते वेगळं काढलं. गाडी लागण्यावर, बोट लागण्यावर जी औषधं माहीत आहेत त्यात हे सगळ्यात भरवशाच्या औषधांपैकी एक, दुसऱ्या महायुद्धात बोटीनं जाणाऱ्या सैनिकांना दिलं होतं, नासावाले अंतराळवीरांच्या मळमळीवर पण हेच वापरत आले. कानामागची पट्टी अमेरिकेत १९७९ ला मंजूर झाली. फक्त आजकाल कारखान्यात लागणारा कच्चा माल जास्त करून धोतऱ्याचा नसतो, ऑस्ट्रेलियात डुबोइसिया नावाचं झाड आहे, त्याची तिथं शेती करतात अन पानातून काढतात.

आता काम कसं करते ते. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणाऱ्या बारीक नळ्या आहेत. गाडी घाटात वळते तेव्हा कान मेंदूला सांगते की आपण हलून राहिलो, अन डोळे समोरच्या सीटकडे लागलेले असतात ते सांगतात की आपण बसलेलो आहो. दोन साक्षी जुळत नाहीत अन मेंदू उलटीच्या केंद्राला इशारा देते. कानाकडून आलेला निरोप पुढं न्यायला ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन लागते, ते मस्करिनिक रिसेप्टर नावाच्या जागेवर जाऊन बसते तेव्हा निरोप पोचतो. हायोसिन काय करते, तर एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो ना, तसं ते आधीच जाऊन त्या जागा धरून ठेवते. स्वतः काही करत नाही, फक्त दुसऱ्याला बसू देत नाही. म्हणून हे औषध *आधी* घ्यावं लागते. पट्टी प्रवासाच्या किमान ४ तास आधी लावायची असते. उलट्या सुरू झाल्यावर लावून फार फायदा नाही.

अन अडचण पण इथंच आहे. त्याच जागा सगळ्या अंगात आहेत. लाळेच्या ग्रंथीत आहेत म्हणून तोंड कोरडं पडते, डोळ्यात आहेत म्हणून बाहुली मोठी होते अन जवळचं वाचता येत नाही, लघवीच्या पिशवीत आहेत म्हणून लघवी अडते, घामाच्या ग्रंथीत आहेत म्हणून घाम बंद होते. मेंदूत आहेतच, तिथं जास्त गेलं की माणूस बरळतो. उलटी थांबवणारा डोस अन बरळायला लावणारा डोस यात अंतर फार नाही.

म्हणून आकडे नीट पाहा. पट्टी *तीन दिवसांत मिळून* साधारण १ मिलिग्रॅम सोडते, हळूहळू, मोजून. परदेशात गोळी मिळते ती ०.३ मिलिग्रॅमची. अन धोतऱ्याच्या एका बीत साधारण ०.१ मिलिग्रॅम ॲट्रोपिन धरतात, एका बोंडात बिया शेकड्यानं. त्यात हे झाड एकसारखं नाही. कोवळ्या झाडात एक द्रव्य जास्त, जून झाडात दुसरं, या धुऱ्यावरच्या झाडात कमी अन पलीकडच्या उकिरड्यावरच्या झाडात कितीतरी जास्त. बी चघळली तर वेगळं, सबंध गिळली तर वेगळं, अन आतडं पण मंदावते म्हणून पोटात उशिरापर्यंत सुटत राहते. कोणी म्हणत असेल की आमच्या आज्यानं खाल्लं अन काही झालं नाही, तर त्या वर्षी त्या बोंडात कमी होतं एवढाच त्याचा अर्थ.

कानामागं पान बांधायचं पण तेच. कानामागची कातडी पातळ आहे, औषध तिथून चांगलं आत जाते म्हणून पट्टीसाठी ती जागा निवडली. पट्टीत एक पडदा असते जो किती सुटायचं ते ठरवते. पानात तो पडदा नाही. घामानं ओलं झालं, रस डोळ्यात गेला, झालं.

कपाशीवाला

भाऊ लय आभार, हे वाचून दाखवतो. पण मंग ती पट्टीच आणून देता येईन का? अन आमच्या इथं मेडिकलात ब्यूस्कोपॅन भेटते, त्यावर पण हायोसिन लिहून आहे. मंग तीच देऊ का?

मोर्शीचा_फार्मसीवाला

हा प्रश्न विचारला ते फार बरं केलं, काउंटरवर हा घोळ नेहमी होतो. नाही, ब्यूस्कोपॅन गाडी लागण्यावर चालत नाही.

ब्यूस्कोपॅन म्हणजे हायोसिन *ब्युटिलब्रोमाइड*. गाडी लागण्यावरचं आहे ते हायोसिन *हायड्रोब्रोमाइड*. मूळ एकच, पण ब्युटिलब्रोमाइडच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असते, त्यामुळे ते रक्तातून मेंदूत शिरतच नाही. पोटात मुरडा, किडनी स्टोनची कळ, तिथं आतड्याचा अन नळीचा आकडा सोडवायला ते उत्तम, अन मेंदूत जात नाही म्हणून बरळणं होत नाही हा त्याचा गुण. पण गाडी लागण्याचं कारण मेंदूतच बसलेलं आहे, तिथं पोचत नाही तर थांबवणार कसं. उलट तोंड कोरडं पडेल अन उलट्या चालूच राहतील.

पट्टी आमच्या तालुक्यात मी ठेवत नाही, अन तुमच्या मायसाठी ती मी सुचवणार पण नाही, वयामुळे. साठीच्या पुढच्या माणसाला त्यानं भ्रम होऊ शकते. काचबिंदू असला तर डोळ्याचा दाब एकदम चढू शकते, बुढ्या माणसाची प्रोस्टेट वाढलेली असली तर लघवी अडते. अजून एक आपल्याकडची खास गोष्ट, २०२५ ला अमेरिकेच्या एफडीएनं या पट्टीवर अंग तापण्याबद्दल नवा इशारा टाकला, कारण घाम बंद होते अन शरीर थंड होत नाही, लेकरं अन म्हातारी माणसं त्यात जास्त सापडली. आपल्या विदर्भात मे महिन्यात ४५ डिग्रीत घाम बंद करणारी वस्तू अंगाला लावून एसटीत बसायचं, हे डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये.

मायला डॉक्टरला दाखवून ॲवोमिन विचारा, म्हणजे प्रोमेथाझिन थिओक्लेट, २५ मिलिग्रॅमची गोळी. आदल्या रात्री किंवा निघायच्या तास-दीड तास आधी. झोप येते, तोंड थोडं कोरडं पडते, त्यातही काचबिंदूचं विचारायचंच. दोन वर्षांखालच्या लेकराला अजिबात नाही, मोठ्या लेकरांना डॉक्टर सांगतील तेवढंच.

तिवसा_एक्सप्रेस

आमच्याकडं सगळे ओंडेम घेतात ना पण. गाडीत बसायच्या आधी ओंडेम, ताप आला ओंडेम, काही झालं की ओंडेम.

मोर्शीचा_फार्मसीवाला

हो, अन मग दुकानात येऊन म्हणतात गोळीत दम नाही. गोळीत दम आहे, जागा चुकली. ओंडेम, इमेसेट म्हणजे ऑन्डान्सेट्रॉन. ते सेरोटोनिन नावाच्या दुसऱ्या रसायनाचा रस्ता बंद करते. हगवण-उलटी, कॅन्सरची किमो, ऑपरेशननंतरची उलटी, तिथं ते फार चांगलं. पण घाटातली उलटी त्या रस्त्यानं येतच नाही, ती ॲसिटिलकोलिन अन हिस्टामिनच्या रस्त्यानं येते. म्हणून तिथं हायोसिन, प्रोमेथाझिन, मेक्लिझिन, सिनारिझिन असली औषधं. अन उलट बाजूनं पाहा, किमोच्या उलटीवर हायोसिनचा भरवसा नाही. उलटी एक दिसते पण ती सुटते वेगवेगळ्या ठिकाणाहून, म्हणून काउंटरवर आल्यावर "उलटीची गोळी द्या" म्हणू नका, उलटी कशामुळं होते ते सांगा. चांगला दुकानदार तेवढं विचारतोच.

पीएचसीची_सिस्टर

धागा वाचून राहावलं नाई म्हणून लिहून राहिली. धोतऱ्याचं नाव निघालं की मले पहिले आठवते ते ॲट्रोपिन, अन यवतमाळचा २०१७ चा खरीप. आपल्या सगळ्यांनाच आठवत असन, कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारणी करता करता २० च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकड्यानं दवाखान्यात भरती झाले. तवापासून माह्या मनात हे झाड नुसतं विषारी म्हणून राहिलं नाई.

वर दादांनी सांगितलं ते ॲसिटिलकोलिन आहे ना, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस असल्या ऑर्गनोफॉस्फेट औषधानं ते मोडणारं एन्झाइमच बंद पडते. मंग ते साचत जाते अन सगळीकडून पाणी सुटते. लाळ, घाम, डोळ्याले पाणी, उलटी, संडास, अन सगळ्यात वाईट म्हणजे छातीत पाणी भरल्यासारखी घरघर. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. म्हणजे ताईनं वर पोट्ट्याचं जे सांगितलं त्याच्या बरोब्बर उलटं. धोतऱ्यानं माणूस सुकते, फवाऱ्याच्या औषधानं माणूस आतून ओला होते. अन म्हणूनच धोतऱ्याच्याच घराण्यातलं ॲट्रोपिन त्याच्यावर उतारा आहे.

पण किती देतात माहीत आहे का? आपली साधी एम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमची. विषबाधेच्या पेशंटले सुरुवातीलेच त्याच्या कितीतरी पट देतात, अन दर पाच मिनिटांनी छाती ऐकायची, साफ झाली नाई तर डोस दुप्पट, असं छाती कोरडी होईपर्यंत. घरचे लोक विचारतात की सिस्टर एवढी इंजेक्शनं कायले फोडून राहिल्या. आत एवढं ॲसिटिलकोलिन साचलं असते की त्याले हटवाले तेवढंच पाहिजे. सोबत पॅम देतात, म्हणजे प्रॅलिडोक्सिम, ते बंद पडलेलं एन्झाइम सोडवायचा प्रयत्न करते. अन ॲट्रोपिन स्नायूंची कमजोरी नाई थांबवत, म्हणून श्वास थकला तर व्हेंटिलेटरच लागते, अन म्हणून पेशंट गावात दाबून ठेवू नका, लवकर पाठवा.

अन हात जोडून सांगते, कोणी याचा अर्थ असा काढू नका की फवारा लागला की धोतरा खायचा. मले एकदा एका मजुरानं खरंच विचारलं होतं. किती गेलं ते मोजता येत नाई अन छाती ऐकायले सोबत कोणी नाई, असा उतारा घरी घेता येत नाई. अन फवाऱ्याचं प्रत्येकच औषध ऑर्गनोफॉस्फेट नसते, दुसऱ्या बऱ्याच जातींच्या औषधांवर ॲट्रोपिनचा उपयोग नाई. म्हणून डबा किंवा लेबल दवाखान्यात सोबत आणजा. हे एवढं केलं तरी आमचा अर्धा वेळ वाचते.

नानाजी_वैद्य

नमस्कार. सर्वांचं वाचलं. एक सांगावंसं वाटते की आयुर्वेदात धोतरा उपविषात धरलेला आहे, कोणी त्याला साधी वनस्पती म्हटलेलं नाही. बिया दुधात शिजवून शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. दम्यासाठी कनकासव आहे, त्यात धोतरा पडतो. सरकारच्या औषध नियमांतही धोतरा विषारी द्रव्यांच्या यादीत आहे अन असं औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचं असते. तेव्हा "आयुर्वेदातलं आहे म्हणून घ्या" असं जो मेसेजमध्ये लिहितो त्यानं आयुर्वेद वाचलेला नाही.

मोर्शीचा_फार्मसीवाला

नानाजी, हे तुम्ही लिहिलं म्हणून लोक ऐकतील, माझ्यापेक्षा जास्त. दम्याचं तर फारच खरं आहे. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासकडून धोतऱ्याचा धूर ओढायची रीत इंग्लंडात गेली अन पुढं तिकडं दम्याच्या बिड्या विकत मिळत होत्या. आज जे इप्राट्रोपियम अन टायोट्रोपियम पंपात घेतात ते ॲट्रोपिन-स्कोपोलामिनच्याच रेणूत बदल करून बनवलेलं, ब्यूस्कोपॅनसारखा भार टाकलेला, म्हणजे फुप्फुसात काम करते अन मेंदूत जात नाही.

शाळामास्तर_चांदूर

इतिहासात रस असणाऱ्यांसाठी थोडं. जपानमध्ये हानाओका सेइशू नावाच्या शल्यचिकित्सकानं १८०४ साली धोतरा अन बचनाग असलेलं औषध पाजून एका बाईच्या स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन पूर्ण बेशुद्धीत केलं होतं. युरोप-अमेरिकेत भुलीचं ईथर यायच्या कितीतरी आधी. पण मला यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत बाळंतपणात मॉर्फिन अन स्कोपोलामिन देत, त्याला ट्वायलाइट स्लीप म्हणत. बाईला वेदना होतच होत्या, फक्त नंतर आठवत नव्हत्या. या औषधानं नवीन आठवण पक्की होत नाही, म्हणून आजही स्मृतिभ्रंशाच्या संशोधनात ते उंदरांना देऊन विसरभोळं करतात अन मग नवं औषध तपासतात. बायकांना वेदना विसरायला लावून उपचार झाला असं म्हणणं मला पटत नाही, पण ते झालं होतं.

वर्धेची_सून

एक विचारू का. आमच्या सासऱ्यांले घरीच ठेवलं आहे, कॅन्सर पसरला, डॉक्टरांनी आता दवाखाना नको म्हणून सांगितलं. दोन दिवसांपासून त्यांच्या घशात घरघर आवाज येते, ते शुद्धीत नाईत. सासूबाई म्हणतात ते गुदमरून राहिले. हायोसिनचं वर वाचलं म्हणून विचारते.

पीएचसीची_सिस्टर

बाई, मी समजू शकते. शेवटी शेवटी माणसाले लाळ अन कफ गिळता येत नाई, श्वासाबरोबर तो हलते अन आवाज येते. ऐकणाऱ्याले तो फार लागते, पण जो बेशुद्धीत आहे त्याले बहुतेक त्याचा त्रास होत नाई, हे सासूबाईले नक्की सांगा. त्यांले एका कुशीवर करा, डोकं थोडं उंच, तोंडातलं वरचं वर ओल्या कापडानं पुसत राहा, खोलवर सक्शन करू नका. औषधात हायोसिन आहेच, दोन्ही प्रकारचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते अशा शेवटच्या काळजीसाठी लिहिलेलं आहे. ते नवी लाळ कमी करते, जमलेली ओढून नाई घेत, म्हणून लवकर सुरू केलं तर बरं. तुमचे जे डॉक्टर पाहतात त्यांले आजच फोन करून विचारा, इंजेक्शन द्यायले गावातली नर्स येऊ शकते. ओठाले पाणी लावत राहा, यानं तोंड अजून सुकते.

वर्धेची_सून

फोन केला ताई. डॉक्टर येऊन राहिले संध्याकाळी. कुशीवर केल्यावर आवाज खरंच थोडा कमी झाला. सासूबाई जवळ बसल्या आहेत.

तिवसा_एक्सप्रेस

आमच्या सोयाबीनमधी धोतरा लय आहे यंदा. मळणीत बिया दाण्यात गेल्या तर काही होते का?

मोर्शीचा_फार्मसीवाला

होते, अन हे हलक्यात घेऊ नका. २०१९ ला युगांडात मदत म्हणून वाटलेल्या पिठात धोतऱ्याच्या बिया गेल्या होत्या, शेकडो लोक आजारी पडले अन पाच दगावले. त्या पिठात सोयाबीन होतं. शिजवल्यानं ही द्रव्यं पूर्ण जात नाहीत. सोयाबीन तेलाला गेलं तर गोष्ट वेगळी, पण घरी दळायला किंवा वडी करायला ठेवणार असाल तर चाळून, निवडूनच ठेवा, धोतऱ्याची बी चपटी अन बारीक असते, चाळणीतून खाली पडते. सगळ्यात सोपं म्हणजे बोंड धरायच्या आधी झाडं उपटून वावराच्या बाहेर टाका.

धुऱ्यावरची_ताई

उपटताना हातात मोजे नाईतर पन्नी घालजा अन हात धुतल्याशिवाय डोळ्याले लावू नका. माह्या जावेनं निंदताना घाम पुसला अन एकच बाहुली मोठी झाली, उजेड सहन होत नव्हता.

पीएचसीची_सिस्टर

ताई, हे महत्त्वाचं बोलल्या. असं झालं तर एक-दोन दिवसांत, कधी थोडं जास्त लागते, आपोआप कमी होते, पण दवाखान्यात गेल्यावर "धोतरा उपटला होता" हे पहिले सांगजा. एकच बाहुली मोठी दिसली की डॉक्टरले मेंदूतल्या रक्तस्रावाची शंका येते अन पेशंटले थेट नागपूरले सीटी स्कॅनले पाठवतात. पट्टी लावणाऱ्यांचं पण तेच, लावल्यावर अन काढल्यावर साबणानं हात धुवायचे, अन काढलेली पट्टी चिकट बाजू आत घडी करून लेकराच्या हाताले लागणार नाई अशी फेकायची, तिच्यात औषध उरलेलं असते.

कपाशीवाला

आमच्या धुऱ्यावरचे सगळे धोतरे उद्या काढतो. ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्याले या धाग्याची लिंक पाठवली, त्यानं मेसेज डिलीट केला.